पापणी पडली अन् गप्पा मेळघाटात गेल्या

“अवं ऐकलं का, थ्या मागच्या गल्लीतल्या सुनीची नागपूरले छाती फाडली म्हणे. अन् तक्रार कायची होती, सांग बरं? डोयाच्या पापणीची!”

अकोलेवाल्या मावशींनी बातमी अशी टाकली की शेजारच्या काकूंच्या हातातली तुरीची शेंग अर्धी सोललेलीच राहिली. कोणी काही विचारायच्या आत मावशींनी पुढचा मसाला घातला. सकाळी बाई चांगली हसतीबोलती, घरचं सगळं करणारी. दिवस कलला की एक पापणी खाली. जेवता जेवता जबडा थकायचा. फोनवर जरा बोलली की आवाज नाकात जायचा. “सासू म्हणे नखरे हायत, कामाच्या टायमाले बरोबर झोप येते इले. नणंद म्हणे कोणं तरी करणी केली. अन् निघालं काय, त छातीत गाठ!”

मावशी म्हणजे काकूंची धाकटी बहीण. सासर अकोला, माहेर इथलंच, अमरावतीचं. थंडीत सोल्यांची भाजी खायला त्या हटकून येतात आणि आल्या की पहिला मान अकोल्याच्या कौतुकाचा. यंदाचं कौतुक रस्त्याचं होतं. लोणी ते माना पंचाहत्तर किलोमीटरचा डांबरी थर एकशे पाच तासांत टाकला, २०२२च्या जूनमध्ये, गिनीज बुकात नाव गेलं. तो रस्ता जणू मावशींनीच स्वतः उभं राहून करून घेतला. काकूंचं यावर ठरलेलं उत्तर असतं: “रस्ता अमरावतीकडून सुरू झाला व माय.”

मी आमच्या दोन घरांमधल्या भिंतीच्या अलीकडे मेथी निवडत होते. ज्युनिअर कॉलेजात आयुष्यभर जीवशास्त्र शिकवल्यामुळे कॉलनीतल्या प्रत्येक रिपोर्टचा अर्थ मला विचारायचा, अशी रीतच पडली आहे.

“मॅडम, तुमीच सांगा,” काकू म्हणाल्या, “पापणीचा आजार छातीत कसा गेला?”

आजाराचं नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस. मज्जातंतूकडून स्नायूला हुकूम जातो तो एका रसायनातून, आणि ते रसायन झेलायला स्नायूवर ग्राहक असतात. या आजारात शरीराची स्वतःचीच प्रतिपिंडं त्या ग्राहकांना शत्रू समजतात आणि निकामी करत जातात. दिवसभर उघडमीट करणारी पापणी, डोळा फिरवणारे बारीक स्नायू, चावणारा जबडा, गिळणारा घसा, हे आधी थकतात. विश्रांती मिळाली की सकाळी पुन्हा ठीक. म्हणूनच घरच्यांना ते ढोंग वाटतं, आणि सुनेचं असेल तर जरा जास्तच वाटतं.

“अमिताभले झालता थोच का?”

“तोच. ‘कुली’च्या सेटवर १९८२ साली पोटात लागलं होतं ना, त्यानंतर दोनेक वर्षांनी हे निघालं.”

“अन् थो त अजून रातभर केबीसीत बोलून राह्यला,” मावशींनी निकाल दिला. म्हणजे मागच्या गल्लीतली सूनही बरी होणार, हे ठरलं.

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या पुढ्यात दोन पाळ्यांची एक मऊ ग्रंथी असते. थायमस. मराठी पुस्तकांत तिला यौवनलोपी ग्रंथी म्हटलंय, पण डॉक्टरही थायमसच म्हणतात. मायस्थेनियाच्या शंभर रुग्णांतल्या दहा-पंधरा जणांना या थायमसमध्ये गाठ सापडते, आणि गाठ नसली तरी बऱ्याच जणांत थायमस बिघडलेली असते. अमेरिकेत ब्लॅलॉक नावाच्या सर्जननं १९३६ साली एका तरुण मुलीची अशी गाठ काढली आणि तिची शक्ती परत आली. गाठ नसलेल्यांचीही थायमस काढून फायदा होतो का, हा वाद मात्र पुढं ऐंशी वर्षं चालला. २०१६ साली अनेक देशांत मिळून केलेल्या चाचणीत तो मिटला: फायदा होतो, अशक्तपणा कमी होतो, स्टिरॉइडही कमी लागतं.

“पण काढूनच टाकली त मंग थे करत काय होती इतके दिवस?” काकूंनी विचारलं. काकूंचे प्रश्न असे सरळ नाकासमोर येतात. एकात्मिक बालविकास योजनेत त्यांनी नोकरी केली; आधी अंगणवाडी सेविका, मग परीक्षा देऊन पर्यवेक्षिका, आणि त्यातली बरीच वर्षं धारणी तालुक्यात.

उत्तरासाठी मला मावशींचा नातू मदतीला घ्यावा लागला. तो अकोल्याला तोष्णीवाल लेआउटात नीटची ट्यूशन करतो. सगळ्या विदर्भातून पोरं तिथं येतात, खोल्या करून राहतात, डबे लावतात. आत जाणारे हजारो आणि एमबीबीएसला लागणारे मोजके. थायमसही तशीच, फक्त फार निर्दय. हाडांच्या मज्जेतून कच्च्या पेशी निघतात आणि रक्तातून थायमसमध्ये दाखल होतात. तिथं त्यांचे दोन पेपर होतात. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत काय चाललंय त्याचे बारीक तुकडे एका रेणूवर लावून बाहेर दाखवत असते. तो रेणू ज्या कच्च्या पेशीला ओळखताच येत नाही ती पहिल्या पेपरात नापास. दुसरा पेपर उलटा. आपल्याच शरीराचा तुकडा दिसला की त्याला जी घट्ट पकडते, ती नापास. कारण अशी पेशी बाहेर सुटली तर ती घरच्यांवरच हात उचलणार. आता इन्सुलिन तयार होतं स्वादुपिंडात, मग थायमसमध्ये बसून त्याची ओळख कशी पटवायची? त्यासाठी थायमसच्या आतल्या भागातल्या काही पेशी ‘एअर’ नावाच्या जनुकाच्या जोरावर निरनिराळ्या अवयवांतली प्रथिनं तिथंच थोडी थोडी तयार करून समोर धरतात. शंभरातल्या पंच्याण्णवच्या वर पेशी या दोन पेपरांत मरतात. अक्षरशः मरतात, आणि तिथल्याच सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळून टाकतात.

“बाप्पा! अन् रिपीटर?”

“रिपीटरला जागा नाही.”

“मंग आमचं पोट्टं बरं म्हणायचं.”

ज्या उरतात त्या टी पेशी. त्यातल्या काही विषाणू शिरलेल्या पेशींना ठार करतात. काही मदतनीस, त्यांनी खूण केल्याशिवाय प्रतिपिंडं तयार करणाऱ्या दुसऱ्या पेशीसुद्धा धडपणे कामाला लागत नाहीत. एचआयव्ही नेमका या मदतनिसांनाच खातो, त्यावरून त्यांची किंमत कळावी. आणि दुसऱ्या पेपरात काठावर आलेल्या काही पेशींना थायमस मारत नाही, त्यांना बाकीच्यांना आवरायचं काम देते. हे शोधून काढणारे जपानचे शिमोन साकागुची. उंदराच्या पिल्लाची थायमस जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली की पुढं त्याचं शरीर स्वतःच्याच अवयवांवर उठतं, या जुन्या निरीक्षणाचा त्यांनी पिच्छा पुरवला. असल्या आवरणाऱ्या पेशी असतात यावर बाकीच्यांचा विश्वास उडाला होता तेव्हाही ते त्यालाच धरून बसले. १९९५ साली त्यांनी त्या पेशी दाखवून दिल्या. २०२५चं वैद्यकाचं नोबेल त्यांना मिळालं, मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल या दोघा अमेरिकनांसोबत.

काकूंनी पदर सारून दंड पुढं केला. वरच्या बाजूला बीसीजीचा गोल, चुरगळलेला वण. “मंग हे कोणाचं काम?”

टी पेशींचंच. लस टोचल्यावर लगेच काही दिसत नाही. काही आठवड्यांनी तिथं गाठ येते, पिकते, फुटते आणि वण राहतो. तेवढे दिवस टी पेशींना तो जंतू ओळखून चाल करायला लागतात. पण ज्या बाळाला टी पेशीच नाहीत त्याला हीच लस बाधते, तो कमजोर केलेला जंतू अंगभर पसरतो. अशी बाळं जन्मतात, क्वचित जन्मतात. मुंबईत परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्था आहे, तिथं अशा जन्मजात आजारांचं निदान होतं. मोठी बहीणभावंडं तान्हेपणी एकापाठोपाठ एक जंतुसंसर्गानं गेली असतील तर पुढच्या बाळाला बीसीजी टोचण्याआधी ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी.

“अन् कोंबड्याईले?” हा प्रश्न मावशींचा. विषय कुठून कुठं जाईल याला आमच्या भिंतीवर बंदी नाही. दोघींच्या भाच्याचं बडनेऱ्याकडं पोल्ट्रीचं शेड आहे आणि गंबोरो रोगानं त्याची एक बॅच मागं बसवली होती. अमरावतीतल्या पोल्ट्रीवाल्याला गंबोरो समजावून सांगावा लागत नाही. कोंबडीची थायमस मानेत असते, लांबट, दोन्ही बाजूंना. शिवाय शेपटीजवळ बर्सा नावाची एक पिशवी असते. प्रतिपिंडं करणाऱ्या पेशी कोंबडीत तिथं तयार होतात आणि गंबोरोचा विषाणू नेमकी तीच सुजवतो. मेलेलं पिल्लू डॉक्टरनं उघडलं की आधी तिथंच बघतात. थायमसचं खातं वेगळं आणि बर्साचं वेगळं, हे १९६५ साली अमेरिकेत मॅक्स कूपर यांनी कोंबडीच्या पिल्लांवरच दाखवलं.

या सगळ्यात मला नवल वाटतं ते एवढ्याचं की, १९६१ सालापर्यंत थायमस कशासाठी आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं. शरीरातला हा शेवटचा मोठा अवयव, ज्याचं काम सापडलं नव्हतं. झाक मिलर नावाचा तिशीचा डॉक्टर लंडनला उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर काम करत होता. त्या कामापायी त्यानं नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची थायमस काढली. मोठ्या उंदराची काढली तर फारसं काही होत नसे, म्हणून सगळे तिला निरुपयोगी धरत. या पिल्लांचं मात्र वेगळंच झालं. आईचं दूध सुटेपर्यंत बरी, मग खंगू लागली, जुलाब लागले, मेली. रक्तात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी नावालाच. दुसऱ्या जातीच्या उंदराची कातडी लावली तर त्यांनी ती निमूट ठेवून घेतली. उंदरावर घुशीच्या जातकुळीतल्या प्राण्याची कातडी केसांसकट वाढली. एवढं दाखवूनही नोबेल मिळालेले पीटर मेडावर १९६३ साली म्हणत होते की, थायमसमधल्या लिम्फोसाइट हा उत्क्रांतीचा एक अपघात असावा, फार महत्त्वाचा नसलेला. मोठी माणसं अशी चुकतात आणि छान भाषेत चुकतात. मिलर आणि कूपर यांना लास्कर पुरस्कार मिळाला तो २०१९ साली.

पण यापेक्षा मोठी चूक आधीच होऊन गेली होती. ती मी सांगितली आणि मग गप्पांचा सूरच बदलला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेत धडधाकट दिसणारी तान्ही बाळं कधी कधी झोपेत जात. डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं तर छातीत ही भलीमोठी थायमस. पुस्तकात दिलेल्या मापापेक्षा कितीतरी मोठी. मग त्यांनी ठरवलं की हीच श्वासनळी दाबते. इलाज काय, तर क्ष-किरण. बाळाच्या छातीवर किरण सोडायचे, थायमस आक्रसते. काही ठिकाणी तर निरोगी बाळांनाही खबरदारी म्हणून हे दिलं. हजारो बाळांच्या गळ्याछातीवर किरण पडले आणि पुढं वीस-तीस वर्षांनी त्यातल्या अनेकांना थायरॉइडचे कर्करोग झाले. खोट कुठं होती, तर पुस्तकातल्या मापात. वैद्यकाचे विद्यार्थी ज्या प्रेतांवर शिकत ती बेवारशांची, गरीबखान्यांतून आलेली. दीर्घ आजारानं, उपासमारीनं गेलेली माणसं. आणि उपासमारीत, आजारपणात सगळ्यात आधी जे अवयव आटतात त्यात थायमस पहिली. आटलेल्या थायमसचं माप पुस्तकात ‘प्राकृत’ म्हणून छापलं गेलं. खात्यापित्या घरातल्या बाळाची जशी असायला हवी तशी थायमस दिसली, तर तो रोग ठरला.

काकूंचा शेंगा सोलणारा हात थांबला. “म्हंजे उपाशी मेलेल्याचं माप धरलं, अन् थेच बरोबर म्हणून सांगतलं.”

“हो.”

“आमच्याकडं हेच चाले.”

आणि मग मावशी गप्प बसून ऐकत राहिल्या. हे सहसा होत नाही.

मेळघाट म्हणजे धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके, तीनशेच्या वर गावं, बहुतेक कोरकू. अमरावतीहून परतवाड्याला जायचं आणि पुढं घाट. वाघांसाठी १९७३-७४ सालीच इथं व्याघ्र प्रकल्प झाला. पोरांसाठी नाव व्हायला १९९३ उजाडलं, तेव्हा बालमृत्यूंच्या बातम्या देशभर गेल्या, मंत्री आले, पुढं हायकोर्टात याचिका झाल्या आणि होतच राहिल्या. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे, उतावलीला डॉ. आशीष सातव अशी माणसं तिथं जाऊन राहिली, म्हणून काही गोष्टी हलल्या. काकू या सगळ्यांच्या खालच्या पायरीवर होत्या, वजनकाट्यापाशी.

“तुमाले सांगतो मॅडम, झाडाले काटा टांगायचा, त्याले चड्डीसारखी झोयी. लेकरू त्यात बसोलं की आधी रडे. रडलं त चांगलं. जे रडतच नाही, नुसतं पाह्यते, त्याची भीती वाटे. मंग दंडाची पट्टी. हिरवं, पिवयं, लाल. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली आलं की लाल, म्हंजे सॅम, तीव्र कुपोषित. पट्टी ढिली सोडून हिरव्यात आणणारेबी पाह्यले मी. अन् वरून साहेब आले की काय म्हणत? ‘यांच्यात पोरं बारकीच असतात.’ बारकीच असतात! कोणं ठरोलं? माप त उपाशीच होतं ना.”

एक पोर त्यांना अजून आठवतं. दीडेक वर्षाची मुलगी. आईबाप दिवाळीनंतर मजुरीला गेलेले, होळीला परत आले तेव्हा पोर हडकलेलं. आजीनं आधी भुमकाकडं, म्हणजे गावच्या मांत्रिक-वैद्याकडं नेलं होतं. पोटावर तापल्या विळ्याचे डाग होते. काकूंनी आईला समजावून, सोबत जाऊन पोषण पुनर्वसन केंद्रात भरती केलं. गावाचं आणि केंद्राचं नाव त्या सांगत नाहीत, मीही विचारलं नाही. चौदा दिवस तिथं, मग गावातल्या ग्राम बालविकास केंद्रात दिवसातून कितीतरी वेळा थोडं थोडं खाणं. पोर भरलं. दंड पिवळ्याच्या वर आला. हसायला लागलं, काकूंची बांगडी ओढायला लागलं. रजिस्टरमध्ये ‘सुधारणा’ असा शेरा पडला. जून लागला, पाऊस आला, नाल्याला पूर येऊन रस्ता बंद. आठ दिवसांनी निरोप आला. ताप, धाप. न्यूमोनिया.

“मी म्हटलं, वजन त आलतं ना. मंग कसं गेलं? डॉक्टर म्हणे, होते असं. आता तुमी सांगून राह्यल्या तई मले समजून राह्यलं.”

माणूस उपाशी राहिला की शरीर तणावाची संप्रेरकं सोडतं आणि थायमसमधल्या कच्च्या पेशी त्या संप्रेरकांना झटकन बळी पडतात. शरीराला खर्च परवडत नसतो, आणि हजारो तयार करून पंच्याण्णव टक्के मारणारं हे काम तर भलतंच खर्चिक. ते आधी बंद होतं. लंडनच्या जॉन सायमननं १८४५ सालीच लिहून ठेवलंय की, थायमस पाहून पोराचं पोषण कसं चाललंय ते सांगता येतं. मोठ्या माणसाची थायमस आटली तर जुन्या तयार टी पेशींवर त्याचं बरंचसं भागतं. तिथंही बिनकामाची समजून ती काढू नये असं आता दिसतंय: २०२३ साली अमेरिकेत छापून आलेल्या अभ्यासात, छातीच्या ऑपरेशनमध्ये ज्यांची थायमस काढली त्या मंडळींत पाच वर्षांतले मृत्यू, तसंच ऑपरेशन होऊन ज्यांची ठेवली त्यांच्या जवळपास तिप्पट निघाले. मागच्या गल्लीतल्या सुनेसारखं कारण असेल तेव्हा गोष्ट निराळी. पण दीड वर्षाच्या लेकराकडं जुना साठाच नसतो. त्याची भरती अजून चालू असते आणि त्याच वेळी वर्ग बंद पडतात.

आता काकूंच्या प्रश्नाचं उत्तर. बोलिव्हियात कोचाबांबा इथं डॉक्टरांनी कुपोषित मुलांच्या छातीवर सोनोग्राफीचं यंत्र धरून थायमस मोजली, आठवड्यामागून आठवडे. वजन आणि उंचीचं गणित साधारण पाच आठवड्यांत जुळलं. थायमस पूर्ववत व्हायला नऊ लागले. म्हणजे काटा म्हणतो पोर बरं झालं आणि छातीतलं काम अजून अर्ध्यावर असतं. त्याच डॉक्टरांनी पुढं जेवणासोबत जस्त दिलं, तेव्हा थायमस वजनाच्या बरोबरीनं भरून आली.

“जस्त म्हंजे थ्या झिंकच्या गोया?” काकू जवळजवळ ओरडल्याच. “जुलाबाच्या पाकिटासंग चौदा दिवस द्यायच्या असतात थ्या! जुलाब थांबले की दुसऱ्या दिवशी मायबाई गोयी बंद करते. अर्ध्या पत्त्या मी घराघरातून आढ्याले खोचलेल्या पाह्यल्या.”

पावसाळ्याचंही तसंच. आफ्रिकेतल्या गांबियात पावसाळा म्हणजे जुनं धान्य संपलेलं, नवं शेतात, आणि बाया दिवसभर निंदणात. त्या महिन्यांत जन्मलेल्या बाळांची थायमस लहान भरते असं तिथं मोजून पाहिलंय. आणि त्याच गावांच्या जुन्या नोंदींवरून १९९७ साली दिसून आलं की, त्या महिन्यांत जन्मलेली माणसं तरुणपणी जास्त दगावतात, बरीचशी जंतुसंसर्गानं. मेळघाटातही मरणाचे महिने तेच, जून ते सप्टेंबर. काकूंनी फक्त मान हलवली.

“अन् चीक?” मावशींनी बऱ्याच वेळानं तोंड उघडलं. “आमच्या सासूनं माह्या पहिल्या पोट्ट्याच्या टायमाले सारा पिळून फेकाले लावला.”

डेन्मार्कमध्ये १९९६ साली चार महिन्यांच्या बाळांची थायमस मोजली. फक्त आईच्या दुधावर असलेल्यांची, वरच्या डब्याच्या दुधावरच्यांपेक्षा जवळपास दुप्पट निघाली. यात ना औषध ना खर्च. मेळघाटात गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना दिवसातून एक ताजं, पोटभर जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आहे, ती म्हणून मला कागदावरच्या बाकीच्या सगळ्या योजनांपेक्षा शहाणी वाटते. आईच्या ताटातून ती थेट बाळाच्या छातीत पोचते. ते ताट महिना-महिना अनुदानासाठी अडतं तेव्हा नेमकं काय अडतं, हे मंजुरी देणाऱ्या टेबलाला माहीत नसतं.

काकूंनी सोल्यांचं पातेलं उचललं. निवृत्त झाल्या तरी धारणीच्या सेविकांचे त्यांना फोन येतात. अडलेल्या रजिस्टरसाठी, नाहीतर नुसतंच बोलायला. यापुढं फोन आला की एक गोष्ट सांगणार, म्हणाल्या. तीच इथं वाचणाऱ्या सेविकांना, आशांना आणि घरोघरच्या आज्यांना सांगायला हरकत नाही. लाल पट्टीतून वर आलेलं लेकरू काट्यावर भरलं, म्हणून त्याच्या घरी जाणं थांबवू नका. वरचा खाऊ, अंडं पुढचा महिनाभर तरी चालू ठेवा, आणि जुलाबात दिलेल्या झिंकच्या गोळ्या चौदा दिवस पूर्ण करा. साधा खोकला झाला तरी वाट न पाहता दवाखान्यात न्या. आणि तो महिना पावसाळ्यात येत असेल, तर पूर यायच्या आधी त्या गावाला जाऊन या.